तडजोडीचे धर्मपिता

नळकाका डझनभर मुलांचे धर्मपिता होते, आणि त्यातल्या एकाही मुलाच्या आईबापांनी त्यांना आधी निवडलेलं नव्हतं. माणसं त्यांच्याकडे यायची ती भांडूनतंडून, दमून, आणि दुसरं कुणी उरलं नाही म्हणून.

त्याचं असं व्हायचं. घरात बाळ आलं की बाप्तिस्म्याची तारीख ठरायच्या आतच धर्मपिता कोण यावरून ठिणगी पडायची. बाप म्हणायचा, माझा थोरला भाऊ. आई म्हणायची, ज्याने आपल्या लग्नात पाऊल टाकलं नाही तो? माझा भाऊ काय रस्त्यावर पडलाय? हे बोलणं भिंतीपलीकडे जायचं, तिथून थोरल्या भावाच्या बायकोच्या कानावर, आणि मग दोन्ही आज्या कंबर कसून मैदानात उतरायच्या. बाळ पाळण्यात खुशाल झोपलेलं, आणि त्याच्या आत्म्याची जबाबदारी कुणी घ्यायची यावरून मोठी माणसं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत! आठवडाभर असं चाललं की कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायचा. अरे, नळकाका आहेत की! माणूस ना इकडचा ना तिकडचा. रविवारची मिस्सा चुकवत नाही, दृढीकरण झालेलं आहे, लग्न चर्चमध्ये लागलेलं आहे, म्हणजे फादरांनाही बोट ठेवायला जागा नाही. शिवाय दोन्ही आज्यांच्या तुंबलेल्या मोऱ्या त्यांनीच मोकळ्या केलेल्या, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध तोंड उघडायची दोघींचीही सोय नव्हती.

मग दारावर थाप पडायची. आत येणाऱ्या जोडप्याचे ओढलेले चेहरे बघून काकी, म्हणजे नळकाकांची बायको, चहाचं आधण ठेवता ठेवता पुटपुटायच्या, "मिटलं वाटतं भांडण." नळकाका लगेच हो म्हणायचे. फक्त एकदा विचारून घ्यायचे, की यात कुणाचं मन तर दुखणार नाही ना? जोडपं एकमेकांकडे बघायचं आणि नाही म्हणायचं. ते खरंच असायचं, कारण ज्यांची मनं दुखायची त्यांची ती आधीच दुखून झालेली असायची.

धंद्याने ते प्लंबर. बुटके, रुंद, गुडघ्यांवर कायम धुळीचे दोन गोल. पाईपपाना, टेप आणि वॉशरांची डबी असलेली पिशवी खांद्याला लावून ते जिने चढायचे आणि कुठलीही गळती बघायच्या आधी भिंतीला कान लावून मिनिटभर डोळे मिटायचे. या डोळे मिटण्याला लोक प्रार्थना समजायचे. काका म्हणायचे, प्रार्थना कसली, पाणी कुठून बोलतंय ते ऐकतोय.

धर्मपित्याचं काम मात्र त्यांनी कधी उरकलं नाही. मूल बोलायला लागलं की त्या घरी नळ गळत असो वा नसो, नळकाका हजर. पालथ्या बादलीवर मुलाला बसवायचं, त्याच्या हातात वॉशर मोजायला द्यायचे, आणि आपण बेसिनखाली डोकं घालून म्हणायचं, हं, आता 'हे आमच्या बापा' म्हणून दाखव. यामुळे काही मुलं त्यांची पिशवी दिसली की पसार व्हायची. एका धर्मकन्येने तर स्वतःला संडासात कोंडून घेतलं होतं. काकांनी दाराबाहेर बसकण मारली आणि सांगितलं, काही हरकत नाही, तिथूनच म्हण, देवाला ऐकू येतं. पोरीने आतूनच सगळी श्रद्धा-प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली आणि मगच कडी काढली. त्यांचा एक धर्मपुत्र मोठा होऊन चर्चकडे फिरकेनासा झाला. काका त्याला त्यावरून एक शब्द बोलले नाहीत; पण त्याच्याकडे जायचंही थांबले नाहीत. कधी फ्लशची टाकी बघायला, कधी उगाच.

दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे मोठं झाल्यावर आपली श्रद्धा स्वतः पक्की करायच्या विधीत, मूल स्वतःच ठरवतं, की आपल्या पाठीशी कोण उभं राहणार. नियमाने पाहिलं तर बाप्तिस्म्याच्या धर्मपित्यानेच ते करणं चांगलं, असं फादर दरवेळी सांगायचे. पण तोवर घराघरांतली भांडणं जुनी झालेली असायची, मागे डावललेल्या काकामामांची भरपाई करायची असायची, आणि बिशपांसमोर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून भलताच कुणी उभा असायचा. नळकाका मागच्या बाकावरून टाचा उंचावून बघायचे.

याचं त्यांना वाईट वाटायचं का? वाटायचं. उगाच माणसाला संत करण्यात अर्थ नाही. एकदा अशाच एका समारंभाहून घरी आल्यावर बुटाच्या नाड्या सोडता सोडता ते काकींना म्हणाले होते, की एकदा तरी कुणी सरळ माझ्याकडे यावं, भांडण व्हायच्या आधी. काकी म्हणजे कशाचीही थट्टा करणारी बाई. पण त्या दिवशी त्यांनी नुसते नवऱ्याचे बूट उचलून जागेवर ठेवले.

अशात त्यांच्या मुलीला मुलगी झाली. एकुलती एक मुलगी, आणि तिचं हे पहिलं बाळ. ती आणि तिचा नवरा चार गल्ल्या सोडूनच वेगळं बिऱ्हाड करून राहायचे. बाळ जरा मान धरू लागलं तसे एका सुट्टीच्या दिवशी मुलगी आणि जावई दोघंही बाळाला घेऊन आले. काकांनी सवयीने आधी चेहरे पाहिले. चेहरे ओढलेले नव्हते.

"बाबा, बाळाचे धर्मपिता तुम्ही," मुलगी म्हणाली.

काकांच्या तोंडून सवयीनेच गेलं, "कुणाकुणाचं भांडण झालं?"

"कुणाचंच नाही. अजून कुणाला विचारलेलंच नाही. सगळ्यात आधी तुमच्याकडे आलोय."

आजोबांना धर्मपिता होता येतं, फक्त आईबापांना होता येत नाही, हे तिने फादरांना आधीच विचारून ठेवलं होतं. धर्ममाता म्हणून तिने आपल्या नणंदेला घेतलं होतं, म्हणजे एक त्यांच्याकडची, एक आपल्याकडचा, कुणाला बोलायला जागा नको. जावयाने मान हलवली. त्याच्या वडिलांना अजून सांगायचं होतं, पण त्यात अवघड असं काही नव्हतं. ते काही म्हणणार नाहीत, तो म्हणाला, ते कधीच काही म्हणत नाहीत.

नळकाका उठून न्हाणीघरात गेले आणि त्यांनी नळ सोडला. तो बराच वेळ वाहत राहिला. काकी बाहेरून ओरडल्या, की लोकांच्या गळत्या बंद करणाऱ्याने घरात तरी पाणी वाया घालवू नये. काका बाहेर आले तेव्हा तोंड धुतल्यासारखं दिसत होतं, पण डोळे लाल होते. त्यानंतर ते कामावर शीळ घालायला लागले. गिऱ्हाइकांना वाटलं, काकांना लॉटरी लागली.

आता व्याह्यांविषयी सांगायला हवं. हे गृहस्थ एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवत निवृत्त झाले होते. आयुष्यभर एका छोट्या स्टुलावर बसून बटणं दाबली. हजारो माणसांना वर नेलं, खाली आणलं, आणि त्यातल्या कुणी त्यांना कधी नाव विचारलं नाही. सगळे लिफ्टवालेच म्हणायचे, नातेवाईकसुद्धा. ते स्वतः राहायचे ते मात्र तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यावरून कुणी चेष्टा केली तर ते मंद हसायचे. बोलणं असं फारसं नाहीच. बोलायची ती त्यांची बायको. खळखळून हसणारी, दहा घरांत ऊठबस असलेली. ती दोन वर्षांपूर्वी गेली आणि ते घर एकदम मुकं झालं.

तर या लिफ्टवाल्यांच्या सिंकखाली पाणी साचायला लागलं म्हणून त्यांनी नळकाकांना बोलावलं. काका आनंदाने गेले. मनात म्हटलं, बरंच झालं, रविवारी पोरं सांगतीलच, त्याआधी आपण जरा गोडीत बोलून ठेवू. सिंकखालचं कपाट रिकामं केलं, बादली सरकवली, आडवे झाले. खालचा वाकडा पाईप उघडला तर आत वॉशर सडून गेलेला. लिफ्टवाले बराच वेळ शेजारी उभे राहिले आणि मग बाहेरच्या खोलीत गेले.

थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला. जाड, फादरांसारखा.

"सैतानाचा धिक्कार करता का?"

मग हळू, नेहमीच्या आवाजात, "करतो."

काकांना वाटलं फादर आले की काय. त्यांनी पाना खाली ठेवला. पण दुसरं माणूस बाहेर नव्हतंच. जाड आवाजही लिफ्टवाल्यांचाच होता. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर दिलं, आणि मग स्वतःशीच म्हणाले, हळू झालं, मागच्या बाकापर्यंत जाणार नाही. परत पहिल्यापासून. सैतानाचा त्या दुपारी इतक्या वेळा धिक्कार झाला, की काका सिंकखाली हसू दाबून हैराण झाले. मग एकाएकी त्यांच्या लक्षात आलं की बाप्तिस्म्यात फादर धर्मपित्याला विचारतात त्याच प्रश्नाची हा माणूस तालीम करतोय, आणि हसू जागच्या जागी थिजलं.

ते हात पुसत बाहेर आले. लिफ्टवाले चोरी पकडल्यासारखे उभे. खुर्चीच्या पाठीवर काळा कोट टांगलेला, ब्रश फिरवून ठेवलेला.

"मुलगा अजून काही बोलला नाही," लिफ्टवाले म्हणाले. "पण म्हटलं, तयारी असावी. तुम्ही तर पुष्कळांचे झालात. मग आता माझीच पाळी असणार, नाही का?"

काकांना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. त्यांनी नुसतंच विचारलं, याआधी कधी कुणाचे धर्मपिता झाला नाहीत का?

"मला कोण विचारतंय. हिला विचारायचे सगळे. ही पुढे बाळाला घेऊन उभी राहायची आणि मी मागे हिची पर्स धरून." ते हसले. "पर्स धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, की मेणबत्ती कुठल्या हातात धरायची असते? हे तेवढं त्यांना पर्स धरून कधी नीट दिसलं नव्हतं.

नळकाकांनी हातातला पाईपचा तुकडा सरळ उभा धरून दाखवलं. उजव्या हातात मेणबत्ती, डाव्याचा ज्योतीला आडोसा, चालताना घाई नाही. लिफ्टवाल्यांनी तो पाईप हातात घेतला आणि कपाटापासून दारापर्यंत चालून दाखवलं. त्यांचं लक्ष सगळं त्या नसलेल्या ज्योतीवर होतं. काकांनी बरं आहे म्हटलं, पिशवी उचलली आणि निघाले. तळमजल्यावर पोहोचल्यावर त्यांना कळलं की नवीन वॉशर आपल्या मुठीतच राहिलाय. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तीन जिने पुन्हा चढून त्यांनी तो बसवला आणि पाणी सोडून पाहिलं. लिफ्टवाल्यांनी पाईपचा तुकडा ठेवून घेऊ का म्हणून विचारलं.

पुढचे दोन दिवस काकांची शीळ बंद. तिसऱ्या दिवशी ते फादरांकडे गेले. काकांच्या मते तोडगा सोपा होता: दोन धर्मपिते. फादर म्हणाले, एक धर्मपिता, एक धर्ममाता, किंवा दोघांतलं एकच कुणी, पण दोन बाप्ये चालत नाहीत. काकांनी विचारलं, मग एकाला साक्षीदार म्हणून उभं करता येतं ना? येतं, फादर म्हणाले, पण तो बाप्तिस्मा झालेला आणि कॅथलिक नसलेला असावा लागतो. तेव्हा तुमच्या दोघांपैकी कुणी आपला पंथ सोडणार असेल तर बोला. नळकाकांनी गंभीरपणे विचार केला आणि काकी ऐकणार नाहीत असं सांगितलं. फादरांनी त्यांना पाठीवर थाप मारून दारापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या कुठल्याही घरात हा पेच पडला असता तर उपाय ठरलेला होता. लोक उठून नळकाकांकडे आले असते. इथे नळकाकाच एका बाजूचे, आणि जगात दुसरे नळकाका नव्हते.

खरं तर पेच फक्त त्यांच्यापुरता होता. मुलीने त्यांना निवडलं होतं, त्यांना हवं होतं, आणि लिफ्टवाले काहीही म्हणाले नसते. कोट परत कपाटात ठेवला असता, पर्स नाही म्हणून यावेळी नुसतेच हात बांधून मागे उभे राहिले असते. काकांना सारखे ते हात दिसायला लागले.

शनिवारी ते मुलीकडे गेले. ती बाळाचे कपडे घड्या घालत बसली होती. त्यांनी सगळं सांगितलं, सिंकखाली ऐकलेलं, कोट, पर्स, सगळं. आणि म्हणाले, मला नको, त्यांना कर.

मुलगी भडकली. तिला अधिकारही होता. नणंद त्यांच्याकडची, आता धर्मपिताही त्यांच्याकडचा, मग आपल्याकडचं कोण, नुसते नळ? आई तर घर डोक्यावर घेईल. तिने घडी घातलेलं झबलं परत उलगडलं आणि परत घातलं.

"मी मुद्दाम तुम्हाला आधी विचारलं, बाबा. मला माहितीये तुम्हाला काय वाटायचं ते. आईने सांगितलंय."

नळकाका तिच्या शेजारी बसले.

"तू मला आधी विचारलंस ना," ते म्हणाले, "ते मला मिळालं. पोटभर मिळालं. ते आता कुणी काढून घेणार नाही, मी मेणबत्ती धरो नाहीतर न धरो. त्या माणसाला आयुष्यात एकदाही मिळालेलं नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिचा राग गेला नव्हता. तिने नाक ओढलं.

"एकच कर," काका म्हणाले. "त्यांच्याकडे जाशील ना, तर दमलेलं तोंड घेऊन जाऊ नकोस. आम्ही सगळ्यात आधी तुमच्याकडेच आलो असं सांग."

"बाप्तिस्म्यासाठी खोटं बोलू?"

"खोटं कसलं? मी तर आता नाहीच म्हटलंय. टाकी रिकामी करून धुतली, की मग येईल ते पाणी पहिलंच."

हे तर्कशास्त्र कुठल्याही फादरांनी मान्य केलं नसतं. पण मुलगी रडता रडता हसली, आणि काकांना कळलं की ती जाईल.

काकींनी खरोखरच घर डोक्यावर घेतलं. सगळ्या गावाला वाटून झालं, घरचं आलं तेव्हा दानशूरपणा सुचला, असं त्या भांडी आपटत म्हणाल्या. दोन दिवस चहात साखर नव्हती. तिसऱ्या दिवशी साखर आली, पण बोलणं नव्हतं.

बाप्तिस्म्याच्या रविवारी लिफ्टवाले कोट घालून सगळ्यांच्या आधी हजर होते. फादरांनी विचारलं, सैतानाचा धिक्कार करता का? तसा आईबापांचे आणि नणंदेचे आवाज बुडवून टाकणारा असा दणदणीत "करतो" आला, की मागच्या बाकावरची एक म्हातारी दचकून जागी झाली. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं गेलं आणि बाळाने तोंड वाकडं करून सगळ्यांकडे तक्रारीने पाहिलं. मग लिफ्टवाल्यांनी मोठ्या मेणबत्तीवरून छोटी पेटवली. उजव्या हातात मेणबत्ती, डाव्याचा आडोसा. ज्योत शेवटपर्यंत विझली नाही. दुसऱ्या रांगेत नळकाकांचा डावा हात आपोआप वर उचलला गेला होता. कबूल करायला हवं, ती मेणबत्ती त्यांना हवी होती.

नंतर चर्चमागच्या हॉलमध्ये केक कापला. लोक नणंदेचं अभिनंदन करत होते, बाळाला हातोहात फिरवत होते. लिफ्टवाले विझवलेली मेणबत्ती कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवून गर्दीतून वाट काढत नळकाकांकडे आले. काकी शेजारीच केकची बशी घेऊन उभ्या होत्या. लिफ्टवाल्यांनी काकांचा दंड धरून त्यांना जरा बाजूला घेतलं.

"एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका," ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पोरं सरळ माझ्याकडेच आली. दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा निघालं नव्हतं म्हणे. पहिल्यापासून मीच."

"माहितीये मला," नळकाका म्हणाले. "माझ्यासमोरच ठरलं."

लिफ्टवाल्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला आणि ते बाळाकडे निघून गेले. काकींना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आपल्या बशीतला केक त्यांच्यापुढे धरला.